साठवणीच्या धान्याला झाडपाल्याच्या पावडरी, तेलं आणि अर्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तूर-हरभरा घरात येतो, मागोमाग गहू-ज्वारी येते, कोठ्या भरल्या जातात. आणि मृगाचा पाऊस पडला की तक्रारी सुरू होतात. तेच ते विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घरच्या दोन-चार पिंपांपासून शेतकऱ्याच्या दहा-वीस पोत्यांपर्यंत ही उत्तरं लागू पडतील. व्यापारी गोदामांचा हिशोब निराळा, तो इथे घेतलेला नाही.

कोठीत कडुलिंबाचा भरपूर पाला घातला होता, तरी सोंडे झालेच. असं का?

कारण बहुतेक वेळा कीड कोठीत भरतानाच आत आलेली असते, आणि ती दाण्याच्या पोटात असते. सोंड्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि तोंडाशी चिकट बूच लावून ते भोक बुजवते. वरून बघाल तर दाणा धडधाकट. अळी आतच खाते, आतच कोष करते आणि महिना-सव्वा महिन्याने भुंगा होऊन बाहेर पडते. तुम्ही घातलेल्या पाल्याचा तिच्याशी संबंध येतो तो त्या दिवशी, तोवर दाणा पोकळ झालेला असतो.

दुसरी गोष्ट, कडुलिंबातला कामाचा जो घटक आहे, ॲझाडिरॅक्टिन, तो मुख्यतः निंबोळीच्या आतल्या मगजात असतो. पानांत फार थोडा. पाल्याच्या वासाने बाहेरून येणारे किडे थोडेफार बिचकतात, इतकंच. त्यात पाला अर्धवट ओला राहिला असेल तर तुम्ही कोठीत ओलावा भरला, म्हणजे किडीची सोयच केली. पाला घालायचाच असेल तर सावलीत वाळवून, हातात चुरला की कुरकुर वाजेल असा झाल्यावरच घाला. त्याच्यावर भिस्त मात्र ठेवू नका.

मग या वनस्पतींचा उपयोग तरी काय?

उपयोग आहे, फक्त तो कुठे आणि कधी हे समजून घ्यायला हवं. काही पावडरींच्या वासाने किडे दूर राहतात. निंबोळीमुळे अळीचं खाणं मंदावतं आणि कात टाकण्याची क्रिया बिघडते, त्यामुळे ती पूर्ण वाढीपर्यंत पोचत नाही. तेलाने दाण्यावरची अंडी गुदमरतात. राखेसारख्या बारीक भुकटीने किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडला जातो, शोषला जातो, आणि किडा अंगातलं पाणी गमावून मरतो.

यातलं जवळपास सगळं दाण्याच्या बाहेर घडतं. म्हणून माल स्वच्छ आणि कोरडा असतानाच, भरायच्या दिवशी, हे उपाय करायचे. भुंगे चालताना दिसायला लागल्यावर मूठभर पावडर टाकली तर दिसणारे चार मरतील आणि आतले चाळीस पुढच्या आठवड्यात बाहेर येतील.

धान्य पुरेसं वाळलं आहे हे कसं ओळखायचं?

ज्वारी-गव्हाचा दाणा दाताखाली धरून चावा. कट्‌कन आवाज होऊन तुकडा पडला पाहिजे. दबला किंवा चेपला तर अजून ऊन द्या. मापात सांगायचं तर गहू, ज्वारी, तांदूळ यांत ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणि कडधान्यांत 9-10 टक्क्यांच्या आसपास हवा. वाळवलेलं धान्य तापलेलं असतानाच कोठीत भरू नका. संध्याकाळी गोळा करून रात्रभर पसरून निवू द्या, मग भरा. गरम भरलं की झाकणाला आतून घाम येतो आणि वरचा थर ओला होतो.

कोणत्याही पावडरीपेक्षा हे काम जास्त महत्त्वाचं. कंटाळवाणं आहे, म्हणून लोक पावडरीचं विचारतात.

माझ्या धान्यात नेमकी कोणती कीड आहे?

पुढे लांब सोंड असलेला, काळपट-तपकिरी, तांदळाच्या कणीएवढा किडा म्हणजे सोंडा. त्याला कुठे पोरकिडा म्हणतात, कुठे टोका. ज्वारी, तांदूळ, मका, गहू हे त्याचे आवडते. गव्हाच्या तळाशी पिठासारखा भुगा खूप साचला असेल आणि किडा लांबट, नळीसारखा, डोकं खाली दडवलेला दिसत असेल, तर तो दाण्यातला छोटा भुंगेरा. याचे भुंगे आणि अळ्या दोन्ही खातात, त्यामुळे नुकसान झपाट्याने होतं. तांबूस, चपटा, पिठात नाहीतर रव्यात पळणारा तो तांबडा भुंगेरा. फार झाला की पिठाला उग्र वास येतो आणि ते गुलाबीसर दिसायला लागतं. केसाळ अळ्या आणि त्यांनी टाकलेल्या काती गव्हाच्या वरच्या थरात दिसल्या तर तो खाप्रा. खाप्रा इतर किडींना जगता येणार नाही अशा कोरड्या धान्यातही वाढतो आणि त्याची अळी भिंतीच्या फटीत बिनअन्नाची दीर्घकाळ टिकून राहते. त्यामुळे कोठी धुतली तरी भिंत लिंपली नाही तर काही उपयोग होत नाही. तांदळाच्या, रव्याच्या गुठळ्या होऊन जाळी धरली असेल तर ती पतंगाच्या अळीची करामत.

कडधान्यातला भुंगा वेगळाच. त्याच्याबद्दल पुढच्या उत्तरात, कारण झाडपाल्याचे उपाय सगळ्यात चांगले लागू पडतात ते त्यालाच.

सगळ्यात खात्रीचा उपाय एकच सांगा.

अख्ख्या कडधान्याला तेल चोळणं.

मूग, मटकी, चवळी, तूर, हरभरा यांचा भुंगा दाण्याच्या आत अंडी घालत नाही, सालीवर चिकटवतो. एक मूग तळहातावर घेऊन उजेडात धरा. सालीवर मोहरीहूनही लहान, पांढरा ठिपका दिसेल, नखाने सहज निघत नाही. ते अंडं. ताजं अंडं पारदर्शक, चकचकीत असतं. दुधासारखं पांढरं झालं असेल तर अळी खालच्या बाजूने थेट दाण्यात शिरलेली आहे आणि मागे राहिलेल्या टरफलात तिने आपला भुसा भरला आहे. काही दिवसांनी त्याच दाण्यावर सालीखाली गोल, धुरकट खिडकी दिसते. ती दिसली की भुंगा बाहेर पडण्याच्या बेतात आहे.

अंडं बाहेर असतं ही आपल्या सोयीची गोष्ट. दाण्यावर तेलाचा पातळ थर असला की अंडं नीट चिकटत नाही, चिकटलंच तर गुदमरतं. आफ्रिकेत चवळीवर शेंगदाण्याच्या तेलाचे प्रयोग झाले आणि तिथेही प्रमाण आलं ते किलोला 5 मिली. म्हणजे एक चहाचा चमचा. क्विंटलला अर्धा लिटर.

लावायची रीत अशी. परातीत चार-पाच किलो दाणे घ्या, मोजून तेल मध्यभागी घाला, दोन्ही तळहातांनी खालून वर उचलत चोळा. दाण्याला चकाकी आली पाहिजे, परातीला तेल लागायला नको. तेल परातीत साचत असेल तर प्रमाण जास्त झालं. एकदम पोत्यात तेल ओतून पोतं हलवू नका. वरच्या दाण्यांना तेलाची आंघोळ होते आणि खालचे कोरडे राहतात. जास्त माल असेल तर तिरक्या अक्षाचं फिरतं पिंप मिळतं, तेच वापरा.

कोणतं तेल? कडुलिंबाचं चालेल का?

खायच्या कडधान्याला शेंगदाण्याचं, करडईचं नाहीतर एरंडेल. आपल्याकडे जुन्या बायका एरंडेल वापरत आल्या, आणि ते शहाणपणाचं आहे: ते दाट असतं, दाण्याला धरून राहतं, लवकर खवट होत नाही. शेंगदाण्याचं तेल लावलेल्या मालाला सहा-आठ महिन्यांनी खवट वास येऊ शकतो. एरंडेल लावलेले दाणे शिजवण्याआधी कोमट पाण्याने धुवा, एवढंच पथ्य.

निंबोळीचं तेल परिणामाला सरस, कारण ते अंडी गुदमरवतं आणि वर कडुलिंबाचा गुणही देतं. पण कडवटपणा आणि वास धुऊनही पूर्ण जात नाही. म्हणून ते बियाण्याला ठेवा. करंजाचं तेलही बियाण्यालाच.

गव्हाला एरंडेल लावायची पद्धतही घरोघरी आहे. फायदा होतो, पण कडधान्याइतका नाही. सोंड्याचं अंडं दाण्याच्या आत असतं, त्याच्यापर्यंत तेल पोचत नाही.

डाळ केली तर भुंगा लागत नाही म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं. हा भुंगा अख्ख्या दाण्यावर वाढणारा. लातूर बाजूला तूर घरी भरडायची असली की आधी तिला तेल-पाणी देऊन उन्हात वाळवतात; साल सुटायला मदत होते आणि जाता जाता किडीचाही बंदोबस्त होतो. वर्षभराची तूर अख्खी न ठेवता फेब्रुवारी-मार्चमध्येच डाळ करून ठेवणं हा निम्मा उपाय झाला. डाळीला दुसऱ्या किडी लागतात, पण त्या हवाबंद डब्यात आटोक्यात राहतात.

निंबोळी पावडर घरी कशी करायची?

निंबोळ्या पिकतात त्या पावसाच्या तोंडावर, आणि गोंधळ तिथेच होतो. झाडाखाली पडलेल्या, पावसात भिजलेल्या, काळ्या पडलेल्या निंबोळ्या गोळा करून लोक पावडर करतात. बुरशी लागलेल्या निंबोळीत गुण उरत नाही. पिवळ्या, नुकत्या पडलेल्या वेचा. पाण्यात चोळून गर काढा, बिया स्वच्छ धुवा आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी पातळ पसरून वाळवा. कडक उन्हात नको. ॲझाडिरॅक्टिन उन्हाने मोडतं. वाळलेल्या बिया प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम येऊन बुरशी धरते. गोणपाटाची पिशवी किंवा टोपली बरी.

पावडर लागेल तेव्हाच करा. बी फोडून, कवच पाखडून आतला मगज जाडसर कुटा. मिक्सरमध्ये एकदम बारीक करायला गेलात तर तेल सुटून लगदा होतो. थोडं-थोडं, थांबत-थांबत फिरवा. बियाण्याला किलोमागे 10 ते 20 ग्रॅम मगजाची पावडर मिसळा. खायच्या धान्यात मिसळू नका, भाकरी कडू लागेल आणि घरचे तुमच्यावर रागावतील. खायच्या धान्यासाठी ती पातळ फडक्यात पुरचुंडी करून ठेवता येते, पण पुरचुंडीचा परिणाम मिसळलेल्या पावडरीच्या पासंगालाही पुरत नाही, हे लक्षात असू द्या.

शेतात 5 टक्के निंबोळी अर्क फवारतो. तोच धान्यावर मारला तर?

अजिबात नको. त्या अर्कात शंभर लिटरमागे पाच किलो निंबोळी असते, बाकी पाणीच. धान्यावर पाणी मारून आपण आठवडाभराच्या उन्हावर पाणी फिरवतो.

अर्काची खरी जागा पोतं, भिंत आणि फळी. रिकामी गोणपाटाची पोती आधी उलटी करून झटका, शिवणीत अडकलेले दाणे आणि किडे काढा. मग 10 टक्के निंबोळी अर्कात, म्हणजे दहा लिटर पाण्याला एक किलो पावडर रात्रभर भिजवून गाळलेल्या पाण्यात, पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा आणि सावलीत खडखडीत वाळवा. कोठारातल्या फटी आधी बुजवा आणि मग भिंतीला हाच अर्क लावा. जुन्या पोत्यातून नव्या धान्यात कीड येणं हे इतकं सर्रास चालतं, आणि त्याबद्दल इतकं कमी बोललं जातं, की नवल वाटतं.

वेखंडाची पावडर चालेल? बाळाच्या गुटीत असतं म्हणजे सुरक्षितच असणार.

किडीला वेखंड फार प्रभावी आहे. किलोला 10 ग्रॅम पावडर बियाण्यात मिसळली तर भुंगे मरतात, आणि जे जगतात त्यांची प्रजननशक्ती जाते. हे ज्या द्रव्यामुळे होतं त्याचं नाव बीटा-ॲसॅरोन. भारतात उगवणाऱ्या वेखंडात ते भरपूर असतं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत त्याने गाठी झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेने 1968 मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. म्हणून वेखंड फक्त बियाण्याला. खायच्या गव्हात, तांदळात मिसळायचं नाही. गुटीचा विषय तुमच्या डॉक्टरांशी बोला; पण गुटीत आहे म्हणून धान्यात चालेल, हा तर्क चालणार नाही.

सीताफळाच्या बियांची पावडर?

बियाण्याला चालते आणि जोरदार आहे. सीताफळाच्या बीतली द्रव्यं किड्याच्या पेशीत ऊर्जा तयार होण्याची क्रियाच बंद पाडतात. पण हीच पावडर डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. डोक्यातल्या उवांसाठी ती लावून डोळे सुजवून घेतलेली माणसं दवाखान्यात येत असतात. कुटताना चष्मा, तोंडाला फडकं, आणि वाऱ्याकडे पाठ. मुलं आसपास असतील तर हा उद्योग करूच नका. कुटायला वापरलेला खलबत्ता पुन्हा स्वयंपाकात नको.

आजी कणगीत बिब्बे टाकायची. आम्ही टाकावेत?

टाकू नका. बिब्ब्याचं तेल अंगावर उततं, फोड येतात, डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. अख्खे बिब्बे कोरडे असताना फारसं काही होत नाही हे खरं, पण धान्य उपसताना एखादा फुटला, गिरणीत गेला, तर? जोखमीच्या मानाने फायदा नगण्य.

लाल मिरच्या, हळद, लवंग, लसूण, मिरे, हिंग?

इथे एक गंमत सांगतो. सांगलीच्या बाजारातल्या कोणत्याही जुन्या व्यापाऱ्याला विचारा, हळदीला कीड लागते की नाही. लागते! हळद, धने, आलं, लाल मिरच्या, अगदी मिरचीपूडसुद्धा पोखरणारे छोटे गोल तपकिरी भुंगे आहेत, आणि ते या मसाल्यांवर मजेत पिढ्यान्‌पिढ्या काढतात. आपण ज्याला किडीचं औषध समजतो ते कुणाचं तरी जेवण असतं. घरात मिरच्यांना असे भुंगे लागलेले असतील आणि त्याच मिरच्या तुम्ही तांदळात टाकल्या तर तांदळाला नवे पाहुणे मिळाले.

तरीही सगळ्यांना एका मापाने मोजायला नको. हळदीच्या उडनशील तेलात किडीला दूर ठेवणारा गुण आहे. पण पावडर किलोला पाच-दहा ग्रॅम मिसळावी लागते, कोपऱ्यात एक हळकुंड ठेवून भागत नाही. मिऱ्याची पूड यात सगळ्यात ताकदवान, सोंडा आणि कडधान्याचा भुंगा दोघांनाही लागू पडते. भाव बघता क्विंटलभर धान्याला ती कोण वापरणार? दोन-चार किलो गावरान बियाण्याला मात्र जरूर वापरा. लवंगेतल्या युजेनॉलचा परिणाम छोट्या, घट्ट झाकणाच्या डब्यात दिसतो, मोठ्या कोठीत वास विरून जातो. लसणाची पाकळी ओली असते. चार दिवसांनी ती तांदळात मऊ पडून बुरशी धरते. नको. हिंगाने किडीचं काय होतं यापेक्षा तांदळाच्या खिरीचं काय होतं याचा विचार करा.

निर्गुडी आणि निलगिरी?

निर्गुडीचा वाळका पाला कडुलिंबाच्या पाल्याच्याच पंगतीतला, थरांमध्ये घालायला ठीक. निलगिरीचं तेल वाफेने काम करतं, म्हणून बंद पिंपात कापसाच्या बोळ्यावर चालतं आणि पोत्यात वाया जातं. धान्याला वास लागतो, तेव्हा तेही बियाण्यालाच.

राख ठेवावी का? कोणती?

राखेला लोक मागासलेला उपाय समजतात, मला तो अजूनही उत्तम वाटतो, विशेषतः चवळी-मुगाच्या बियाण्यासाठी. लाकडाची किंवा गोवरीची, पूर्ण जळलेली, पांढुरकी राख घ्या. मैद्याच्या चाळणीने चाळा, निखारा राहिलेला नाही ना ते हात घालून बघा. प्लास्टिक जाळलेल्या चुलीतली राख नको. चिमूटभर राखेने काहीच होत नाही. दाण्यांमधल्या फटी भरून निघतील इतकी लागते, म्हणजे मडक्यात दाणे कमी आणि राख जास्त वाटेल इतकी. भुंग्याला हलायला जागा उरत नाही, जोडीदार सापडत नाही, आणि अंग कोरडं पडतं. शेवटी वरून दोन बोटं राखेचा थर देऊन मडक्याचं तोंड फडक्याने बांधा.

खायच्या मालाला राख लावली तर पाखडून धुवावं लागतं, म्हणून क्विंटलच्या हिशोबात ती परवडत नाही.

कोकणात तांदूळ टिकतच नाही. काय करावं?

दमट हवेत भरडलेला तांदूळ महिनोन्‌महिने ठेवणं हेच अवघड. जुनी माणसं भात साळीतच, म्हणजे तुसासकटच ठेवायची, कणगीत किंवा पेंढ्याच्या मुड्यात, आणि लागेल तसं कांडायची. अखंड साळ असलेल्या दाण्यात सोंड्याला शिरता येत नाही. पतंग आणि छोटा भुंगेरा साळीलाही लागतात, पण त्यांचा त्रास त्यामानाने कमी. हल्ली गिरणीवाला एकदम भरडून देतो, सोय होते आणि प्रश्न सुरू होतो. दोन महिन्यांचा तांदूळ भरडा, बाकी भातच ठेवा. शहरात राहणाऱ्यांनी तांदूळ महिन्याचाच घ्यावा. वर्षाचा भरायची हौस असेल तर हवाबंद पिंप आणि किलोला चमचाभर एरंडेल.

रवा, मैदा, पीठ यांना कोणती पावडर?

कोणतीही नाही. पिठात मिसळलेलं काही निघत नाही. रवा भाजून, निववून हवाबंद डब्यात. पीठ पंधरा दिवसांचं दळा.

लोखंडी कोठी किंवा हवाबंद पिशवी असेल तर पावडर लागते का?

पिंप खरंच हवाबंद असेल आणि गच्च भरलेलं असेल तर जवळपास लागत नाही. आत राहिलेले किडे आणि दाणे श्वासोच्छ्वासाने प्राणवायू संपवतात आणि किडे मरतात. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं याच तत्त्वावर: जमिनीखालची बंदिस्त जागा, आत हवा खेळत नाही. कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तीन थरांच्या प्लास्टिक पिशव्या निघाल्या, त्यांचंही तेच. अट एकच, सारखं उघडायचं नाही. रोजच्या वापराचं धान्य वेगळ्या लहान डब्यात काढा आणि मोठं पिंप दीड-दोन महिन्यांनी एकदाच उघडा. अर्धं रिकामं पिंप म्हणजे आत महिनोन्‌महिने पुरेल इतकी हवा. पत्र्याच्या कोठीच्या झाकणाला फट असेल तर तिथे ओल्या मातीचा किंवा कणकेचा लेप देण्यापेक्षा रबराची पट्टी लावा. कणकेलाच भुंगेरा लागतो.

बियाण्याला हे सगळं लावलं तर उगवण कमी होईल का?

सांगितलेल्या प्रमाणात सहसा होत नाही. तेल जास्त झालं किंवा तेल लावलेलं बियाणं दोन हंगाम पडून राहिलं तर होऊ शकते. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल टिकवा आणि पाच-सात दिवसांनी मोजा. सत्तरच्या खाली आले तर बियाण्याचं प्रमाण वाढवा किंवा बियाणं बदला. भोक पडलेले दाणे आधीच वेगळे काढा. काही उगवतात, पण रोप मरतुकडं निघतं.

बाजारात ‘हर्बल’ टिकड्या मिळतात. घ्याव्यात?

वेष्टनावर घटक आणि प्रमाण लिहिलेलं असेल तर वाचा आणि ठरवा. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ एवढंच लिहिलं असेल तर दुकानात परत ठेवा. पाऱ्याच्या गोळ्या काही जण अजूनही धान्यात टाकतात. पारा विषारी आहे, त्याची वाफही विषारी आहे, आणि जुन्या ग्रंथात पाऱ्याचा उल्लेख आहे म्हणून तो धान्यात सुरक्षित ठरत नाही. बोरिक पावडर हीसुद्धा वनस्पतीची नव्हे, हे सांगावं लागतं, कारण ‘साधी घरगुती पावडर’ म्हणून ती वापरली जाते. ती पोटात जायची वस्तू नाही.

आणि सल्फासच्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही ठेवायच्या नाहीत. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. कायद्याने त्या जाणकारांच्या देखरेखीखाली, गोदामांसाठी आहेत. गावात सुट्या मिळतात ही आपल्याकडची शोकांतिका. झोपायच्या खोलीत धान्याच्या पोत्याला या गोळ्या लावून कुटुंबंच्या कुटुंबं दगावलेली आहेत. झाडपाल्याच्या उपायांना मर्यादा आहेत, भोकं पडलेली ज्वारी पाहून जीव हळहळतो, हे सगळं कबूल. तरी या गोळीकडे वळू नका.

कीड लागलीच आहे. आता?

पावडर विसरा. धान्य चाळा, चाळणीखालचा भुगा आणि किडे अंगणात न टाकता जाळा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत ते परत भिंतीवर दिसतील. मग कडक उन्हात, काळ्या प्लास्टिकवर बोटभर थरात पसरा. वरून पारदर्शक प्लास्टिक टाकून कडा दगडांनी दाबल्या तर आत भट्टी होते आणि दाण्याच्या पोटातल्या अळ्याही मरतात. दोन-तीन दुपारी द्या. बियाण्याला मात्र हे झाकण नको, उगवण जाईल. नुसतं कोवळ्या उन्हात पसरलं तर भुंगे पळून जातात आणि आतल्या अळ्या तशाच राहतात, म्हणून आठ दिवसांत पुन्हा तक्रार.

पाच-सात किलोच माल असेल तर पिशव्या करून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. काढल्यावर पिशवी बंद असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. लगेच उघडली तर दाण्यांवर दव साचतं. ही पद्धत सगळ्यात सोपी आणि शहरातल्या घरांना सगळ्यात सोयीची आहे. अमेरिकेत-इंग्लंडमध्ये राहणारे आपले लोक भारतातून आणलेली मेतकूट-भाजणी अशीच ठेवतात.

एवढं झाल्यावर, निवलेल्या कोरड्या धान्याला तेल किंवा पावडर. त्याआधी नाही.

किती दिवसांनी पुन्हा तपासायचं?

पावसाळ्यात तीन आठवड्यांनी, इतर वेळी महिन्या-दीड महिन्याने. वरून मूठभर बघून समाधान मानू नका. हात कोपरापर्यंत आत घाला. आतलं धान्य बाहेरच्यापेक्षा गरम लागलं तर किडे दिसत नसले तरी आहेत. पावडरींचा जोर साधारण तीन-चार महिने टिकतो, वासावर चालणाऱ्यांचा त्याहून कमी. दिवाळीच्या सुमारास एकदा उपसून ऊन द्या आणि पुन्हा लावा.

किडलेली ज्वारी कोंबड्यांना घातली तर चालेल ना?

नुसती किडलेली असेल तर चालेल, कोंबड्या भुंगेही आवडीने टिपतात. वेखंड, सीताफळाची बी, बोरिक किंवा गोळी लावलेलं धान्य असेल तर नाही. बुरशीचा वास येत असेल, दाणे काळे-हिरवे पडले असतील, तरीही नाही; त्या बुरशीचं विष कोंबडीला आणि गुरांना दोघांनाही बाधतं, आणि ते उन्हाने जात नाही. असं धान्य खड्ड्यात पुरा.